न खाकरता आलेले तातेराव

कुरुंद्यातल्या त्या गल्लीत तातेरावांचं घर सोडून सात घरं होती आणि सातही त्यांच्याच भावकीची. तातेराव त्या भावकीत सगळ्यांत वडील. त्यामुळे गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांचे ते एक तर सासरे लागत, नाहीतर भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. सासरा काय नि भासरा काय, त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं बसायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही, पाय पसरायचे नाहीत असा कडक रिवाज. आता दिवसभर पदर सावरत बसलं तर बाईनं कामं कधी करायची? म्हणून पुरुषांनाही एक रिवाज लावून दिलेला होता. वडील माणसानं कुणाच्या दारावरून जायचं तर आधी खाकरायचं. खाकर ऐकू आली की पदर डोक्यावर, पाय पोटाशी आणि बोलणं बंद. खाकरणारा पुढं गेला की बायका पुन्हा पाय पसरायला मोकळ्या.

हा कारभार निजामाच्या कायद्यापेक्षाही सुरळीत चालला होता, कारण तातेरावांना मुद्दाम खाकरायची वेळच येत नसे. त्यांना खोकलाच होता, आणि तोही बारा वर्षांचा. दर साली हळद शिजवायच्या कढईपाशी उभं राहून पाल्याचा नि कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर छातीत घ्यायचा, आणि तो धूर कमी पडला म्हणून वर चिलीम ओढायची, असा त्यांचा जन्म गेलेला. ते वेशीत शिरले की गल्लीच्या शेवटच्या घरात समजे. सातही घरच्या बायका त्या खोकल्यावर निर्धास्त होत्या. निर्धास्त नव्हती ती एकटी मनकर्णाबाई. ती तातेरावांची बायको.

माघ महिन्यात कढई पेटलेली असताना तातेरावांना एक उबळ आली ती थांबेचना. ओठ जांभळे पडले, डोळे पांढरे झाले आणि ते पऱ्हाट्यांच्या ढिगावर आडवे झाले. मनकर्णाला वाटलं, संपलं सगळं. पण घटकेनं तातेरावांनी डोळे उघडले आणि विचारलं, "हळद करपली का काय?" तेव्हा ती आधी रडली, मग त्यांच्यावर खेकसली आणि मग गाडी जुंपायला सांगून त्यांना वसमतच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर हैदराबादकडचे होते, डोक्यावर तुर्की टोपी. त्यांनी छातीला नळी लावली, पाठ ठोकून पाहिली आणि म्हणाले, "अम्मा, ये खाँसी जानेवाली नहीं. लेकिन काबू में रहेगी." काबूत कशी ठेवायची ते कंपाउंडरनं मराठीत समजावलं. कागदाची खुणांची पट्टी चिकटवलेली औषधाची बाटली दिली. धूर बंद, चिलीम बंद. रोज वाफारा. घशात खवखवलं की कोमट पाण्याचा घोट. उबळ आलीच तर गुडघ्यावर हात टेकून पुढं झुकून बसायचं आणि ओठ आवळून हळू श्वास सोडायचा. "आन् सगळ्यात मोठी गोष्ट," तो म्हणाला, "खोकला आपनहून आला तर येऊ द्या, कफ निघू द्या. पर उगीच खाकरून त्याला वढून आनू नका. वढून आनलेला खोकला थांबत न्हाई. पुढल्या टायमाला हे शुद्धीवर येतीलच असं न्हाई." हे शेवटचं वाक्य मनकर्णानं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं आणि गाडीत बसल्यावर तातेरावांकडूनही एकदा वदवून घेतलं.

पुढचे तीन महिने तिनं घरात जो अंमल बसवला, तो पाहून तहसीलदारानं तिच्याकडे शिकायला यावं. चूल उचलून अंगणात नेली. सून आशाबाई उन्हात भाकरी थापताना कुरकुरली, तर तिला सांगितलं, "तुजा सासरा जित्ता ऱ्हायला तर तुला मांडव घालून दील." चिलीम तर तिनं भिंतीला पोतेरं करताना भिंतीतच लिंपून टाकली. तातेराव चार दिवस घरभर चिलीम शोधत होते आणि दमले की त्याच भिंतीला टेकून बसत होते. वाफाऱ्याला त्यांना घोंगडीखाली कोंबून पुढ्यात ओव्याचं उकळतं पाणी ठेवलं जाई. आतून "मेलो, मेलो" असा आवाज येई. मेलेला माणूस एवढ्यांदा ओरडत नाही हे माहीत असल्यामुळे मनकर्णा घोंगडीची कडा आणखी दाबून धरी.

आणि कोमट पाण्याचा तांब्या. तातेराव शेतात निघोत की पारावर, त्यांच्यामागं चार पावलं अंतर ठेवून मनकर्णा तांब्या घेऊन हजर. घशात खवखव झाली की ते नुसता हात मागं करत, हातात तांब्या येई, दोन घोट पोटात जात आणि खोकला आल्या वाटेनं परत फिरे. वैशाख लागला तोवर तातेराव दिवसातून दोन-तीनदाच खोकू लागले. रात्रीची झोप लागायला लागली, गालावर मांस आलं. मनकर्णा सुखावली. कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्याही ओवाळून टाकल्या. दृष्ट लावायला कोण टपलंय ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

एक दिवस तिला घरी काम निघालं, म्हणून तांब्या स्वतःच हातात घेऊन तातेराव एकटे गल्लीतून निघाले. पहिलं घर त्यांच्या चुलतभावाचं, सोनाजीचं. सोनाजीची बायको द्वारकाबाई दारातल्या दगडावर डोक्याला शिकेकाई लावून बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोवलेलं, पाय गल्लीत आडवे, केस तोंडावर आणि डोळे गच्च मिटलेले. कुणाची तरी चाहूल लागली तशी ती म्हणाली, "जाऊबाई, बऱ्या आल्या. डोळ्यात शिकेकाई जाऊन राहिली वो, जरा पानी वता डोक्यावर."

तातेराव जागच्या जागी थिजले. भावजयीशी बोलायचं नाही, हा एक रिवाज. तिच्या पायांवरून ओलांडायचं नाही, हा दुसरा. आणि डोळ्यात शिकेकाई गेलेलं माणूस पाणी मागतंय, तर त्याला तसंच सोडून जायचं नाही, ही माणुसकी. तातेरावांनी बराच वेळ विचार केला. तेवढ्यात द्वारकाबाई ओरडली, "वता की वो!" आणि तातेराव घाबरले. घाबरून त्यांनी हातातला तांब्या तिच्या डोक्यावर रिकामा केला.

"कोमट पानी? माजी बाई किती गुनाची!" असं म्हणत द्वारकाबाईनं केस मागं टाकले आणि डोळे उघडले. समोर भासरे उभे, हातात तांब्या. तिनं जी किंकाळी फोडली ती पार हट्टा गावापर्यंत गेली असेल. तातेरावही ओरडले. मग दोघं दोन दिशांना पळाले.

ह्यावरही कदाचित पडदा पडला असता. पण दोनच दिवसांनी तातेराव शालूबाईच्या दारात असेच जाऊन पोचले. शालूबाई हट्ट्याची, चुलतपुतण्याची नवी नवरी, अंगात नकला. तिनं भोवती पाच-सहा बायका जमवल्या होत्या, पदराचा फेटा बांधला होता आणि कमरेत वाकून तातेरावांचा जुना खोकला खोकून दाखवत होती. खोकला इतका हुबेहूब होता की पलीकडच्या घरातल्या दोन बायका पदर घेऊन उभ्या राहिल्या. पुढ्यातल्या बायका मात्र एकाएकी हसायच्या थांबल्या. शालूबाईला वाटलं, आपली नक्कल पडली. म्हणून तिनं आणखी जोर लावला, छाती धरली, डोळे फिरवले. तेव्हा मागून आवाज आला. तातेराव रिवाजाप्रमाणे तिच्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून भिंतीलाच सांगत होते, "येवढा बी न्हाई खोकत म्या."

संध्याकाळी बायका मनकर्णाकडे आल्या. पुढं द्वारकाबाई.

"जाऊबाई, भाऊजी बरे झाले, आमाला आनंदच हाय," ती म्हणाली. "पर आता त्यान्ला जरा खोकायला सांगा."

"खोकायला सांगू?" मनकर्णा भडकली. "तीन महिने म्या काय तुमच्यासाठी वाफारे दिले का त्यान्ला?"

"खोकू नगा म्हनावं, नुसतं खाकरा. चोर बी येताना भांडं वाजवतो वो. हे तर काहीच वाजवत न्हाईत. माजं तर डोकं धुतलं त्यायनी! आता म्या डोकं कुठं घालू?"

"खाकरलं की खोकला येतो. खोकला आला की थांबत न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय, पुढल्या टायमाला उठतील का न्हाई त्याचा भरवसा न्हाई. तुमच्या पदरापायी म्या माझं कपाळ पांढरं करून घेऊ?"

हे ऐकून बायका उठून आपापल्या घरी गेल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण आतल्या खोलीत तातेरावांनी सगळं ऐकलं होतं आणि ते शरमेनं अर्धे झाले होते. उभ्या जन्मात त्यांनी रिवाज मोडला नव्हता. आपल्याला पाहून लेकीसुना दचकतात, ह्या विचारानं त्यांना भाकर गोड लागेना.

सकाळी मनकर्णा अंगणात चुलीपाशी असताना ते गुपचूप बाहेर पडले. पहिल्या दारापाशी खाकरले. काही झालं नाही. दुसऱ्या दारापाशी जरा ऐटीत खाकरले. तिसऱ्या दारापाशी खाकरले आणि छातीत कोंडून बसलेलं बारा वर्षांचं दुखणं एकदम उसळलं. मनकर्णा तांब्या घेऊन धावत आली तेव्हा ते तिथंच भावजय जिवनबाईच्या ओट्यावर बसले होते, ती दारात रडत होती आणि त्यांचे ओठ पुन्हा जांभळे पडायला लागले होते. तिनं त्यांचे हात गुडघ्यांवर टेकवले, पाठीवरून हात फिरवत राहिली. "हळू सोडा. ओठ आवळा. दिवा फुकल्यावानी हळू," असं ती म्हणत होती आणि स्वतःचा श्वास मात्र तिला घेता येत नव्हता. बऱ्याच वेळानं उबळ ओसरली. त्या दिवशी मनकर्णाला भीती वाटली ती कढईपाशी वाटली होती त्याहून जास्त, कारण आता तिला सगळं माहीत होतं.

मग तिनं डोकं चालवलं. आवाजच पाहिजे ना? गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घागरमाळ काढली आणि तातेरावांच्या काठीला बांधली. तातेराव म्हणाले, "म्या काय बैल हाय?" ती म्हणाली, "बैल ऐकत तरी असतो." हे बिनतोड होतं. तातेराव काठी आपटत, छुमछुम करत निघाले.

पहिल्या दारात द्वारकाबाईचं वासरू त्यांच्यामागं लागलं. दुसऱ्या दारात कुणी बाहेरच आलं नाही. तिसऱ्या दारात जिवनबाई, जी दोन दिवसांपूर्वी त्यांच्यासाठी रडली होती, सूपभर ज्वारी घेऊन आतून आली. घुंगरांचा आवाज ऐकून तिला वाटलं, नंदीबैलवाला आला. मान खाली घालून, पदर ओढून ती बाहेर आली आणि समोरच्या माणसाच्या उपरण्यात तिनं ज्वारी ओतली. "माज्या लेकराला चांगला आशीर्वाद द्या बाबा," असं म्हणून ती पाया पडली, तेव्हा तिला ओळखीच्या वहाणा दिसल्या.

तातेराव उपरण्यात ज्वारी, हातात घागरमाळ आणि मागं वासरू अशा थाटात घरी परत आले. ज्वारी त्यांनी मनकर्णाच्या पुढ्यात ठेवली.

"भीक घातली मला," ते म्हणाले. "माज्याच भावजयीनं. सूपभर."

मनकर्णाला हसू फुटलं. तिनं तोंडात पदर कोंबला, पण खांदे हलायला लागले. तातेराव हसले नाहीत. ते भिंतीला टेकून बसले आणि त्या दिवसापासून घराबाहेर पडलेच नाहीत. शेत नाही, पार नाही, कुणाशी बोलणं नाही. दिवसभर त्या भिंतीशी. आता खोकला काबूत होता, पण माणूस सुकत चालला होता. हे असं बसून बसून जातील, असं मनकर्णाला वाटायला लागलं.

आठव्या दिवशी सोनाजीचा निरोप आला. नव्या हळदीला विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या होत्या, भावकी पारावर जमली होती, आणि वडील माणसाशिवाय बोलणं सुरू करायचं कसं? तातेराव उठले. धोतर नेसले, फेटा बांधला.

"म्या खाकरत जानार," ते म्हणाले.

"डॉक्टरनं काय सांगितलं?"

"डॉक्टरला भावजया न्हाईत." त्यांनी वहाणा घातल्या. "मनकर्णे, माजं वय झालं. गल्लीतून चोरावानी गेल्यापक्षा खाकरून गेलेलं बरं. म्होरं काय व्हईल ते व्हईल."

ते बाहेर पडले. मनकर्णा तांब्या घेऊन मागं. गल्लीत ओट्याओट्यावर बायका शेवया वळत बसल्या होत्या, पाय पसरून, डोकी उघडी, हात पिठाचे, गप्पा जोरात. तातेराव द्वारकाबाईच्या घराअलीकडं थांबले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मागून मनकर्णाला त्यांच्या मानेची शीर टम्म फुगलेली दिसली. आता खाकरणार. आता तिसऱ्या घरापाशी बसणार. आणि आज जर उबळ ओसरली नाही तर?

तिला दुसरं काही सुचलं नाही. ती धावत त्यांच्यापुढं गेली. बाई पुरुषाच्या पुढं चालत नाही, तेही ती विसरली.

"बायांनो, आले वो!" ती ओरडली.

द्वारकाबाईनं शेवईवरची नजर काढली नाही. "कोन आलं? सासरा का दीर का पोरगं, मानसानं काय समजावं?"

"आमच्या घरचे!"

"तुमच्या घरचं वासरू बी येतं. नीट सांगा की!"

नीट सांगायचं म्हणजे एकच वाट होती. नवऱ्याचं नाव बाईनं कधी घेऊ नये. घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिला आईनं, सासूनं आणि साऱ्या गावानं सांगितलेलं. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा अकराव्या वर्षी तिनं एकदा उखाण्यात ते घेतलं होतं, तेही इतकं हळू की बायकांनी पैजा लावल्या, घेतलं का नाही म्हणून. त्यानंतर पस्तीस वर्षं नाही. तिनं मागं वळून पाहिलं. तातेरावांचं तोंड उघडलं होतं. नावानं आयुष्य घटणार असेल तर घटो, पण ते पुढं कधी तरी. खाकरण्यानं ते आत्ता घटणार होतं, ह्याच गल्लीत, तिच्या डोळ्यांदेखत.

"तातेराव आले!" ती गरजली. "आमचे तातेराव आले, बायांनो!"

द्वारकाबाईच्या हातातली हातभर लांब शेवई तुटली. गल्लीतली एकूण एक बाई तोंड उघडून मनकर्णाकडे बघत राहिली, इतकी की पदर घ्यायचंही कुणाला सुचेना. मग एकदम सगळ्यांना सुचलं आणि पिठाचे हात सात घरच्या सात रंगांच्या पदरांना लागले. पलीकडून शालूबाई पुटपुटली, "आत्याबाईंनी नाव घेतलं!"

मनकर्णानं भीतभीत नवऱ्याकडे पाहिलं. तातेराव जिवंत होते. खाकरायला भरून घेतलेला श्वास त्यांनी तसाच सोडून दिला होता, हळू, ओठ आवळून, अगदी कंपाउंडरनं सांगितल्यासारखा. चेहऱ्यावरून राग आहे की काय आहे ते तिला कळेना. पस्तीस वर्षांत पाहिलेला हा चेहरा नव्हता.

"म्होरं सहा घरं हायत," ते खालच्या आवाजात म्हणाले.

तांब्या त्यांच्या हातात देऊन ती पुढं निघाली. दुसऱ्या दारात म्हणाली, "तातेराव आले." तिसऱ्या दारात जिवनबाई उठून उभी राहिली आणि ह्या खेपेला सूप न घेता. चौथ्या दारात मनकर्णाचा आवाज मोकळा झाला. शालूबाईच्या दारात तर तिनं थोडा हेलही काढला, "तातेराव येऊन राहिले, नकला आवरा!" मागं तातेराव ताठ चालत होते, न खोकता, हातात आपला तांब्या आपणच धरून. बायका पदर ओढून उभ्या होत्या आणि पदराआड हसत होत्या, आणि त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

सातवं घर संपलं. पुढं मोकळी वाट आणि तिच्या टोकाला पार होता, पारावर भावकी बसलेली दिसत होती. मनकर्णाचं काम झालं होतं. ती बाजूला झाली आणि परत फिरणार, तेवढ्यात तातेराव थांबले.

"म्हन की," ते म्हणाले.

"आता काहून? म्होरं एक बी घर न्हाई."

"नसंल तर नसू दे."

मनकर्णानं इकडंतिकडं पाहिलं. ऐकायला कुणी नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी हळू म्हणाली, "तातेराव."

"व्हय," तातेराव म्हणाले.